निधनवार्ता एका काउंटीत, दाखला दुसऱ्या काउंटीत

पक्षकार आले ते सातबारा घेऊन. दोघे सख्खे भाऊ, राहायला पुण्यात, जमीन वाई तालुक्यात. वडिलोपार्जित शेतीतला एक तुकडा विकायचा ठरला होता, इसारही घेऊन झाला होता, आणि खरेदीदाराच्या वकिलानं शोध घेताना बोट ठेवलं ते एका नावावर. ऐंशी आर जमीन अजूनही धाकट्या काकांच्या नावावर होती. काकांना घरात सगळे अण्णा म्हणत. अण्णा १९६८ साली शिकायला अमेरिकेला गेले, तिकडेच नोकरीला लागले, तिकडचं नागरिकत्व घेतलं, लग्न केलं नाही. १९९४ साली कॅलिफोर्नियात वारले. वारस नोंद कोणी केलीच नाही. तीस वर्षं सातबाऱ्यावर अण्णा जिवंत.

थोरल्यानं विचारलं, "वकीलसाहेब, मृत्यूचा दाखला लागेलच का? सगळ्या गावाला माहीत आहे."

लागणारच. आणि या प्रकरणात नुसता "वारले" एवढा दाखला पुरणार नव्हता, तारीख लागणार होती. त्याचं कारण आजी.

अण्णांची आई, म्हणजे या दोघांची आजी, त्याच वर्षी २२ ऑगस्टला गेली. मुलगा गेल्याचं तिला सांगितलंच नव्हतं. कोणाला आठवत होतं की अण्णा आधी गेले आणि म्हातारीचं हृदय सोसणार नाही म्हणून लपवलं. कोणी सांगे की नाही, आजी आधी गेली, दिवाळीच्या सुमारास अमेरिकेहून फोन आला. दहावं-तेरावं काही झालं नव्हतं, त्यामुळे गुरुजींच्या वहीतही तारीख नाही. आणि आजीनं १९९० साली नोंदणीकृत मृत्युपत्र करून "माझ्या मृत्यूसमयी माझ्या मालकीची असेल ती सर्व मिळकत" थोरल्या मुलाला, म्हणजे माझ्या पक्षकारांच्या वडिलांना, दिली होती.

आता हिशेब पाहा. अण्णांना बायको-मुलं नव्हती, वडील आधीच गेलेले, मृत्युपत्र नाही. जमीन भारतात, म्हणून वारसा हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ प्रमाणे. अण्णा आईच्या आधी गेले असतील तर पहिल्या वर्गातली एकमेव वारस आई. जमीन तिची झाली, आणि तिच्या मृत्युपत्रानं थोरल्या मुलाकडे गेली. फेरफार झाला नाही म्हणून मालकी अडत नाही, फेरफार ही महसुली नोंद. पण अण्णा आईच्या नंतर गेले असतील तर दुसऱ्या वर्गातले भाऊ आणि बहीण, दोघांना सारखा हिस्सा. बहीण म्हणजे वाईला राहणाऱ्या, एक्याऐंशी वर्षांच्या आत्या. एका तारखेवर चाळीस आर जमीन लटकलेली होती.

सोप्या वाटा

माझ्याकडे येण्याआधी दोन सल्ले त्यांना मिळून गेले होते. पहिला सल्ला, ग्रामपंचायतीत उशिराची नोंद करून घ्या. एक वर्षानंतरची मृत्यूनोंद दंडाधिकाऱ्याच्या आदेशानं करता येते हे खरं, पण ती ज्या निबंधकाच्या हद्दीत मृत्यू झाला त्याच्याकडे. कॅलिफोर्नियातल्या मृत्यूची नोंद वाई तालुक्यातल्या ग्रामपंचायतीत करायची तर माणूस गावात मेला असं खोटं लिहावं लागेल. असे दाखले मी पाहिले आहेत. पंधरा वर्षांनी कोणी तरी पासपोर्ट काढून दाखवतो आणि सगळा व्यवहार कोसळतो.

दुसरा सल्ला जरा वकिली होता: सात वर्षं ठावठिकाणा नाही म्हणून मृत्यूचं गृहीतक धरून दिवाणी न्यायालयातून घोषणा घ्या. पूर्वी हे भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे. पण एक तर अण्णा बेपत्ता नव्हते, वारल्याचा फोन आला होता. दुसरं, या गृहीतकातून माणूस मेला एवढंच निघतं, कधी मेला ते निघत नाही. सर्वोच्च न्यायालयानं आयुर्विम्याच्या एका प्रकरणात २००४ साली हे स्पष्ट केलं आहे. आम्हाला तर तारीखच हवी होती.

भारतीय वकिलातीत नोंद झाली असेल का, हेही पाहिलं. ती सोय भारतीय नागरिकांच्या मृत्यूसाठी. अण्णा तोवर अमेरिकी नागरिक झाले होते.

पहिली चूक

धाकट्या भावानं मला न विचारता एक काम आधीच केलं होतं. आत्यांच्या बिस्किटाच्या डब्यात अण्णांची निळी एरोग्राम होती. मागे पाठवणाऱ्याचा पत्ता. त्या पत्त्याचं गाव ज्या काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा), तिच्या रेकॉर्डर कार्यालयाला, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, यानं अर्ज केला, मित्राच्या मुलीकडून डॉलरचा चेक भरला. दीड महिन्यानं उत्तर आलं. दाखला नव्हता, "अशी नोंद आढळत नाही" असं प्रमाणपत्र होतं. फी परत नाही. कॅलिफोर्नियात फी शोध घेण्याची असते, सापडण्याची नाही.

तो घाबरून गेला. "म्हणजे काका गेलेच नाहीत का?"

गेले होते, दुसऱ्या काउंटीत. मृत्यूची नोंद माणूस राहत होता तिथे होत नाही, मेला तिथे होते. हे आपल्याकडेही तसंच आहे. साताऱ्याचा माणूस पुण्याच्या दवाखान्यात गेला तर दाखला पुणे महापालिकेचा. तरी अमेरिकेचं नाव आलं की लोक हे विसरतात. टोकाचं उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशींचं. त्यांची स्मृतिशिळा आणि अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पुकीप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहेत, पण तिथल्या डचेस काउंटीत त्यांच्या मृत्यूची नोंद शोधणं व्यर्थ. त्या २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या.

आणखी एक गोष्ट. "काउंटी ऑफिस" हा शब्द सगळ्या अमेरिकेला लावू नका. न्यू जर्सीत स्थानिक निबंधक नगरपालिकेचा असतो, मॅसॅच्युसेट्समध्ये टाउन क्लार्क. कॅलिफोर्नियात जुने दाखले काउंटी रेकॉर्डरकडे, अगदी ताजे मृत्यू असतील तर काउंटीच्या आरोग्य खात्याकडे. राज्याच्या सॅक्रामेंटोमधल्या कार्यालयात जुलै १९०५ पासूनच्या सगळ्या काउंट्यांच्या नोंदी आहेत, तिथे अर्ज केला तर काउंटीचा घोळच राहत नाही. पण तिथली रांग लांब, आणि इसाराची मुदत पळत होती.

निधनवार्ता

काउंटी शोधायची कशी? पक्षकारांची समजूत अशी की काउंटीकडे "ऑबिच्युअरी"ही मिळते. मिळत नाही. निधनवार्ता हे सरकारी कागदपत्रच नाही. ती वर्तमानपत्रानं छापलेली, बहुधा पैसे भरून दिलेली, घरच्यांनी किंवा मित्रांनी लिहिलेली. ती सापडते ती वर्तमानपत्राच्या जुन्या अंकांत, आणि जुने अंक असतात सार्वजनिक ग्रंथालयात. अण्णांच्या गावच्या ग्रंथालयाला मी साधं पत्र लिहिलं: नाव, आडनाव, १९९४, जून ते नोव्हेंबर. मायक्रोफिल्मवरून काढलेलं स्कॅन आठ दिवसांत ईमेलनं आलं. एक पैसा घेतला नाही. आपल्याकडच्या ग्रंथालयांना असं पत्र लिहून पाहावं असं तेव्हा मनात आलं, मग मन आवरलं.

अंक मंगळवार, १४ जून १९९४ चा. अंगठ्याएवढा मजकूर, बहुधा कार्यालयातल्या सहकाऱ्यांनी दिलेला. नावातला "त्र" त्यांना पेलला नव्हता, तिथे नुसता "त" होता. वय एका वर्षानं चुकलेलं. वाईचं स्पेलिंग डब्ल्यू, वाय, ई. शनिवारी निधन, दुसऱ्या एका शहरातल्या इस्पितळाचं नाव, आणि शेवटी तिकडच्या पद्धतीप्रमाणे मागे कोण आहे ते: भारतात आई, भाऊ, बहीण.

आई. म्हणजे छापणाऱ्यांच्या समजुतीप्रमाणे तेव्हा आजी जिवंत होती. थोरला तो कागद बराच वेळ हातात धरून बसला.

हा मजकूर महसूल अधिकाऱ्यापुढे पुरावा म्हणून टिकत नाही. वय चुकलं ते आपण पाहिलंच, आईचंही चुकू शकतं. पण दोन गोष्टी कळल्या: इस्पितळाचं शहर, म्हणजे शेजारची काउंटी, आणि शनिवार, म्हणजे ११ जून. त्यावरून कॅलिफोर्नियाची मृत्यू सूची पाहिली. १९४० ते १९९७ ची सूची फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट बघता येते. तिच्यात जन्मतारीख, मृत्यूची तारीख, मृत्यूची काउंटी आणि आईचं माहेरचं आडनाव असतं. हे शेवटचं आपल्या लोकांना सोन्यासारखं. एकाच आडनावाचे दहा जण निघाले तरी आजीचं माहेरचं आडनाव जुळणारा एकच. अण्णा तिथे सापडले, शेजारच्या काउंटीत.

कोणाला काय मिळतं

इथे खरी अडचण. कॅलिफोर्नियात २००३ पासून मृत्यूच्या दाखल्याची प्रमाणित प्रत दोन प्रकारची. एक अधिकृत प्रत, ती फक्त ठरावीक नात्यांना: आईवडील, मुलं, नातवंडं, आजीआजोबा, भाऊबहीण, जोडीदार, शिवाय मालमत्तेचा वकील, न्यायालयानं नेमलेला माणूस वगैरे. दुसरी माहितीपर प्रत, ती कोणालाही, पण तिच्यावर ठळक शिक्का असतो की ओळख सिद्ध करण्यासाठी हा दस्तऐवज वैध नाही, आणि सह्यांसारखा काही मजकूर झाकलेला असतो. यादी पुन्हा वाचा. पुतण्या नाही. आपल्याकडे काका म्हणजे जवळपास बाप, तिकडच्या यादीत पुतण्या हा रस्त्यावरचा माणूस.

उरल्या आत्या. आणि आत्या म्हणजे ज्यांचा हिस्सा या तारखेवर अवलंबून आहे त्याच.

हे मी पक्षकारांना सांगितलं आणि आत्यांनाही सांगितलं, त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या मुलासमोर. सही करण्याआधी तुमचा वेगळा वकील बघा असंही म्हणालो. पक्षकार त्यावर नाराज झाले. होऊ देत. वयस्कर बाईकडून सही घ्यायची आणि कशावर घेतली ते नंतर कळू द्यायचं, असले कागद शेवटी आपल्याच टेबलावर परत येतात.

आत्या म्हणाल्या, "मला हिस्सा नको आणि नको असंही नाही. पण तो कधी गेला ते मला कळलं पाहिजे."

टपालानं अर्ज करताना शपथपूर्वक निवेदनावर नोटरीसमोर सही लागते. आपल्या तालुक्याच्या नोटरीचा शिक्का काउंटी घेईल की नाही या शंकेत वेळ घालवण्याऐवजी आम्ही मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासाची नोटरी सेवा घेतली. वेळ आधी आरक्षित करायची, स्वतः हजर राहायचं, एका शिक्क्याचे पन्नास डॉलर. पहाटे चारला वाईहून गाडी निघाली. बांद्रा-कुर्ला संकुलात आत मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे मुलगा बाहेर, आत्या एकट्या आत. मी सांगून ठेवलं होतं की अर्जावर आधी सही करून ठेवू नका, अधिकाऱ्यासमोरच करा. बाहेर आल्या तेव्हा पहिलं वाक्य, "पेन त्यांचंच होतं, चांगलं होतं."

दरम्यान मी माहितीपर प्रत मागवून घेतली होती. त्यासाठी नातं लागत नाही, आणि अधिकृत प्रतीत काय असणार ते आधी कळतं. नाव कसं लिहिलंय, वडिलांचं नाव काय लागलंय, हे पाहून पुढची प्रतिज्ञापत्रं आधीच तयार करता येतात. प्रत्येक वेळी एवढं तरी करावं.

दाखला

अधिकृत प्रत आली. जाड सुरक्षा कागद, नोटेसारखी नक्षीची किनार, बोटाला लागणारा उठावाचा शिक्का. आपल्या दाखल्यात चार ओळी असतात. तिकडच्यात माणसाचं अर्धं आयुष्य भरलेलं. व्यवसाय, त्यात किती वर्षं, काउंटीत किती वर्षं, कधीच विवाह नाही, माहिती देणाऱ्याचं नाव आणि नातं (मित्र), मृत्यूचं कारण, वेळ संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं. आणि अंत्यसंस्काराच्या रकान्यात: दहन, रक्षा काउंटीच्या किनाऱ्यापासून समुद्रात.

आत्यांना ते वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "समुद्र म्हणजे समुद्रच की. कृष्णाही तिकडेच जाते."

मग अपोस्टिल, म्हणजे परदेशी कागदावरची सही खरी असल्याचं प्रमाणपत्र. १९६१ च्या हेग कराराला भारत २००५ पासून बांधील आहे, अमेरिका १९८१ पासून. त्यामुळे भारतीय वकिलातीच्या साक्षांकनाची गरज उरत नाही. कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालयानं वीस डॉलर घेऊन काउंटी रेकॉर्डरच्या सहीचं अपोस्टिल जोडलं की पुरे. दाखला आरोग्य खात्याच्या सहीचा असता तर आधी ती सही काउंटी क्लार्ककडून प्रमाणित करून घ्यावी लागली असती. इकडच्या कार्यालयात अर्थात पहिला प्रश्न आलाच, "दूतावासाचा गोल शिक्का कुठे आहे?" दहा क्रमांकित ओळी, वर फ्रेंचमध्ये मथळा, असा कागद त्यांनी पाहिला नव्हता. मी कराराची प्रत आणि परराष्ट्र मंत्रालयाची माहिती सोबत लावलीच होती. चिडून उपयोग नसतो; समोरच्यालाही वरच्याला उत्तर द्यायचं असतं.

नावाच्या फरकासाठी आत्यांचं "एकच व्यक्ती" असल्याचं प्रतिज्ञापत्र, सोबत अण्णांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि जुना पासपोर्ट. इथे निधनवार्ता दुसऱ्यांदा उपयोगी आली: वाई गाव, भाऊ, बहीण, सगळं जुळत होतं.

०६/११/१९९४

इतकं झाल्यावर प्रकरण अडकलं ते मराठी भाषांतरावर.

भाषांतर पक्षकारांनी पुण्यात बाहेरून करून घेतलं होतं. त्यात मृत्यूची तारीख होती ०६/११/१९९४. मूळ दाखल्यातही आकडे तेच, त्याच क्रमानं. फरक एवढाच की मूळ रकान्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात क्रम छापलेला आहे: महिना, दिवस, वर्ष. भाषांतरकारानं रकान्याचं नाव नुसतं "मृत्यूचा दिनांक" केलं. मराठी वाचणाऱ्याला ती ६ नोव्हेंबर. म्हणजे आजीच्या नंतर. म्हणजे आत्यांना निम्मं.

आणि ते माझ्या हातून सुटलं. आकडे ताडून पाहिले, जुळले, पुढे गेलो. वारस नोंदीचा अर्ज गेला, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० ची नोटीस निघाली, पंधरा दिवसांत आत्यांच्या मुलाची हरकत दाखल. त्याचं काय चुकलं? सरकारी फायलीतल्या मराठी कागदावर नोव्हेंबर दिसत होता. नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत गेली, गाव नमुना सहा-अ मध्ये, आणि सुनावणी लागली.

सुनावणीत मी तीन गोष्टी ठेवल्या. मूळ दाखल्यावरची रकान्याची छापील ओळ. त्याच दाखल्यावरची नोंदणीची तारीख, ०६/१४/१९९४. चौदावा महिना नसतो, त्यामुळे क्रम कोणता हे तिथेच ठरलं. शिवाय मृत्यूच्या आधी नोंदणी होत नाही. आणि १४ जूनच्या अंकातली निधनवार्ता. अधिकाऱ्यांनी निधनवार्ता पुरावा म्हणून घेतली नाही, बाजूला ठेवली. पण पंचांग मागवून ११ जून १९९४ ला वार कोणता होता ते मात्र पाहिलं. शनिवार. ६ नोव्हेंबरला रविवार.

हरकत फेटाळली. तीन फेरफार झाले: अण्णांच्या पश्चात आजी, आजीच्या पश्चात मृत्युपत्रानं थोरला मुलगा, आणि त्याच्या पश्चात माझे पक्षकार. तेव्हापासून माझ्या टेबलावरून जाणाऱ्या प्रत्येक भाषांतरात महिना अक्षरी लिहिलेला असतो.

खरेदीखतात आत्यांनी संमती देणारा पक्ष म्हणून सही केली. खरेदीदाराच्या वकिलानं तशी अटच घातली होती, आणि योग्य घातली. त्याबदल्यात काय दिलं-घेतलं ते त्या घरातलं; मला विचारून ठरवलं गेलं नाही, मीही विचारलं नाही.

दाखल्याच्या मला तीन प्रती लागल्या होत्या, मागवल्या चार. चौथी आत्यांनी मागून घेतली. पुढच्या ज्येष्ठात त्यांनी अण्णांचं श्राद्ध घातलं, तीस वर्षांनी पहिलं. गुरुजींनी तिथी काढताना विचारलं की वेळ कुठली धरायची. तिकडे शनिवार संध्याकाळचे सात दहा, म्हणजे वाईला रविवार सकाळचे सात चाळीस. आत्यांनी वाईची वेळ धरायला सांगितली.